केरळच्या पुरात चर्चने होड्या कशा जमवल्या, आणि आपल्या संस्थेने त्यातून काय घ्यावं



पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवल्या की आपल्याकडे दोन कामं असतात. जाळी विणायची आणि गप्पा मारायच्या. त्या गप्पांत हल्ली पुराचा विषय हमखास येतो. २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा फुगल्या आणि बेळगाव जिल्ह्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली. २०२१ च्या जुलैमध्ये सत्तरी, डिचोलीत घरं कोसळली. १९८२ नंतरचा गोव्यातला हा सगळ्यात मोठा पूर, असं तेव्हा मुख्यमंत्रीच म्हणाले होते. त्याच आठवड्यात चिपळूण बुडालं. प्रत्येक वेळी आपल्यातलं कोणीतरी म्हणतं, “आपल्या होड्या तिथे असत्या तर?”

होड्या होत्या. माणसंही होती. पण त्यांना बोलावणारं, ट्रकवर चढवणारं, डिझेल देणारं आणि होडी फुटली तर भरून देणारं कोणी ठरलेलं नव्हतं. हा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे. त्यासाठी केरळमध्ये २०१८ साली काय झालं ते नीट बघू, कारण तिथे हे काम एका रात्रीत झालं आणि त्यात तिथल्या चर्चचा मोठा हात होता.

आधी, झालं काय?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात १९२४ नंतरचा सगळ्यात मोठा पूर आला. १ जून ते १९ ऑगस्ट या काळात तिथे नेहमीपेक्षा सुमारे ४२ टक्के जास्त पाऊस पडला. धरणं भरली. इडुक्कीच्या चेरुतोणी धरणाचे दरवाजे २६ वर्षांनी उघडावे लागले. राज्यातली ३५ धरणं सोडली गेली. पंपा, मणिमाला, अच्चनकोविल, पेरियार, चालकुडी या सगळ्या नद्या एकदम गावांत शिरल्या. चारशेहून जास्त माणसं गेली. दहा लाखांहून जास्त लोक मदत शिबिरांत राहिले.

सगळ्यात वाईट हाल चेंगन्नूर, पंडनाड, आरन्मुळा, रान्नी या भागांत झाले. तिथे नदी जवळ आहे, समुद्र लांब. लोकांकडे होड्या नाहीत, पोहायची सवय नाही. दुसऱ्या मजल्यावर, गच्चीवर, छपरावर माणसं अडकून बसली. चेंगन्नूरचे आमदार टीव्हीवर अक्षरशः रडले, हेलिकॉप्टर पाठवा म्हणून. लष्कर, नौदल, तटरक्षक, एनडीआरएफ सगळे उतरले होते आणि त्यांनी जिवावर उदार होऊन काम केलं. पण पाणी हजारो गल्ल्यांत होतं, आणि प्रत्येक गल्लीत हेलिकॉप्टर जात नाही.

तेव्हा १५ ऑगस्टच्या रात्रीपासून किनाऱ्यावरच्या होड्या ट्रकवर चढायला लागल्या. तिरुवनंतपुरमच्या पूंतुरा, विझिंजमपासून कोल्लमच्या नीण्डकरापर्यंत. फायबरच्या होड्या, मागे आउटबोर्ड इंजिन, सोबत तीन-चार माणसं. शंभरावर किलोमीटर रस्त्याने प्रवास करून त्या पहाटे चेंगन्नूरच्या पाण्यात उतरल्या. राज्य सरकारचाच हिशेब सांगतो: ६६९ होड्या, साडेचार हजारांवर मच्छीमार, आणि त्यांनी वाचवलेली माणसं ६५,००० च्या आसपास.

आपण दर्यावर्दी आहोत, म्हणून ही गोष्ट आपल्याला लगेच कळते. फायबरच्या होडीला पाणी कमी लागतं. रबरी बोट कुंपणाच्या खिळ्याला, गेटच्या टोकाला लागली की फुटते. फायबर खरवडतं, पण तरंगत राहतं. लाटेतून होडी काढायची सवय असलेल्या माणसाला ओढीच्या पाण्याची भीती कमी वाटते. पण तिथलं पाणी समुद्राचं नव्हतं. खाली कंपाउंडच्या भिंती, विजेच्या तारा, बुडालेल्या गाड्या. पंखा कशाला लागेल ते कळत नव्हतं. गावची पोरं पुढे बसून वाट दाखवत होती, आणि तांडेल त्यांच्या बोटाकडे बघून होडी वळवत होता. किती होड्यांचे तळ भिंतींवर घासून गेले असतील, ते आपल्याला सांगायला नको.

चर्चच्या माइकवरून

या होड्या एकदम कशा जमल्या? मासेमारी खातं होतं, पोलीस होते, जिल्हाधिकारी होते, ट्रकवाले होते. पण दक्षिण केरळच्या किनाऱ्यावर सगळ्यात आधी निरोप पोचला तो बहुतेक ठिकाणी चर्चमधून. तिथले बरेच मच्छीमार लॅटिन कॅथलिक आहेत. प्रत्येक वाड्याला आपलं चर्च, प्रत्येक चर्चला आपला फादर. १५ ऑगस्टला मारिया मातेच्या स्वर्गारोहणाचा सण असतो, त्यामुळे माणसं त्या दिवशी चर्चभोवतीच होती. माइकवरून सांगितलं गेलं, फोन फिरले, व्हॉट्सअॅपवर निरोप गेले: होड्या लागणार आहेत, कोण येतं? तेव्हाचे तिरुवनंतपुरमचे आर्चबिशप सूसा पाकियम हे स्वतः कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका मच्छीमार गावचे. हाक आपल्यातल्याच माणसाची होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. लोक फादरने सांगितलं म्हणून डोळे मिटून निघाले नाहीत. ते निघाले कारण ती जागा रोजच्या ओळखीची होती. कोणाचं इंजिन चालू आहे, कोणाची होडी नवी, कोणाच्या घरी बाळंतपण आहे म्हणून त्याला बोलवायचं नाही, कोण रात्री अंधारात तारेखालून होडी नेऊ शकतो, हे सगळं तिथे माहीत होतं. सरकारी फायलीत होडीचा नंबर असतो. माणसाचा स्वभाव फायलीत नसतो.

आणि ही ओळख एका दिवसात झालेली नाही. १९६० च्या दशकात तिरुवनंतपुरमजवळ मरियनाड नावाची वसाहत उभी राहिली. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गरीब मच्छीमार कुटुंबांना तिथे जागा दिली, समाजसेवक राहायला पाठवले. त्या वेळी तिथली मासळी व्यापाऱ्याच्या हातात होती. ज्याने कर्ज दिलं त्यालाच माल द्यायचा, तो सांगेल त्या भावाने. ही कथा आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, तेही हेच सांगतील. मरियनाडच्या लोकांनी आपली सहकारी सोसायटी काढली. लिलाव सोसायटीने करायचा, विक्रीतून ठरावीक टक्के कर्जफेडीला, ठरावीक बचतीला. पुढे अशा गावोगावच्या सोसायट्या मिळून १९८० मध्ये साउथ इंडियन फेडरेशन ऑफ फिशरमेन सोसायटीज, म्हणजे सिफ्स, ही मोठी संघटना झाली. चर्चने सुरुवातीला हात दिला आणि मग ते काम सभासदांच्या हातात गेलं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मदत करणाऱ्याने कधीतरी बाजूला व्हायचं असतं.

याचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. १९७८ मध्ये देशातल्या पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष होते आपल्या गोव्याचे माथानी साल्ढाणा. आणि पुढे त्याच चळवळीचं मोठं नाव झालं ते फादर थॉमस कोचेरी, जे केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारांत राहून काम करत होते. ट्रॉलर आणि रांपण यांचं भांडण आपल्यालाही माहीत आहे; त्यावर आपल्यात मतं वेगळी असतील. पण गोवा आणि केरळचा किनारा तेव्हापासून एकमेकांना ओळखतो.

चर्चबद्दल सगळंच गोड बोलावं असंही नाही. त्या किनाऱ्यावर पूर्वी काही गावांत मासळीच्या विक्रीतून चर्चचा वाटा निघायचा, आणि त्याबद्दल तिथल्याच मच्छीमारांनी कुरकुरही केली, भांडणंही केली. म्हणजे तिथला माणूस चर्चशी भांडतो, आणि हाक आली की उठतोही. घरच्या माणसाशी असतं तसं.

ओखीने आधीच ओळख करून दिली होती

पुराच्या आठ-नऊ महिने आधी, ३० नोव्हेंबर २०१७ ला ओखी वादळ आलं. तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरचे शेकडो मच्छीमार गेले किंवा बेपत्ता झाले. होड्या खोल समुद्रात होत्या आणि इशारा उशिरा आला, ही तिथली तक्रार होती. त्या वेळी चर्चने गावागावातून आपली यादी केली: कोण गेला, कोण आला, कोणाचा फोन लागत नाही. सरकारी आकडा आणि गावाचा आकडा जुळत नव्हता, तेव्हा लोकांनी गावाच्या यादीवर विश्वास ठेवला. पाद्री लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, राजभवनावर मोर्चा गेला.

त्याच वादळात आपलाही किनारा त्यांच्या कामी आला. भरकटलेल्या होड्या उत्तरेकडे आल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं होतं: ६८ होड्या, त्यातल्या ६६ केरळच्या आणि २ तामिळनाडूच्या, ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. देवगडच्या बंदरात तेव्हा कोणी विचारलं नाही की बाबा तू कुठल्या धर्माचा. भाषा कळत नव्हती, पण ओल्या कपड्यातल्या खलाशाला काय लागतं ते कळत होतं.

म्हणजे ऑगस्ट २०१८ मध्ये जे लोक दुसऱ्यांना वाचवायला गेले, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात किंवा शेजारी वर्षसुद्धा न झालेलं दुःख होतं. त्यांना कोणी ताकद दिली? त्यांच्यातला एखादा म्हणेल देवाने, दुसरा म्हणेल शेजाऱ्याने. सां पेद्रूच्या फेस्ताला आपले ख्रिस्ती खारवी भाऊ होड्या सजवतात, सांगोड करतात. आपण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो. दर्याला भिणारा आणि देवाला मानणारा माणूस दोन्हीकडे सारखाच.

“हे सगळं धर्मांतरासाठी” असं म्हणणाऱ्यांना

मिशनरी, चर्च, मदत हे शब्द एकत्र आले की आपल्याकडे लगेच कुणीतरी हे बोलतो. राग न करता उत्तर देऊ या, कारण काही ठिकाणी ही शंका लोकांच्या मनात खरोखर असते.

पहिलं, होडीतल्या माणसाने गच्चीवरच्या माणसाला नाव विचारलं नाही. विचारायला वेळच नव्हता. चेंगन्नूर, आरन्मुळा भागात हिंदू घरं आहेत, ख्रिस्ती घरं आहेत. होडी ज्या घरासमोर लागली ते घर आधी.

दुसरं, हे काम एकट्या ख्रिस्ती माणसांनी केलेलं नाही. कोल्लम-अलप्पुळा किनाऱ्यावरचे हिंदू मच्छीमार होते, पोन्नानी-तानूरकडचे मुसलमान मच्छीमार होते. मलप्पुरम जिल्ह्यात एक मच्छीमार पाण्यात ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून बायका रबरी बोटीत चढल्या. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला आहे. तो मुसलमान होता. आणि त्याच ऑगस्टमध्ये त्रिशूर जिल्ह्यात माळा भागातल्या एका देवळाने आपला हॉल ईदच्या नमाजाला उघडून दिला, कारण मशीद पाण्यात होती.

तिसरं, मोठ्या ख्रिस्ती मदत संस्थांनी स्वतःलाच नियम घालून घेतला आहे. १९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मदत संस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली. ती पुढे आणणाऱ्यांत कॅथलिक चर्चची कारितास इंटरनॅशनालिस होती, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होती, लुथरन वर्ल्ड फेडरेशन होती. त्यात साफ लिहिलं आहे: मदत धर्म, वंश, देश न बघता द्यायची, फक्त गरज बघून. आणि मदतीचा वापर कोणत्याही धार्मिक किंवा राजकीय मताच्या प्रसारासाठी करायचा नाही. शेवटचा नियम तर आपल्या सगळ्या पुढाऱ्यांनी भिंतीवर लावावा असा आहे: मदत घेणाऱ्याला प्रसिद्धीत दीनवाणं दाखवायचं नाही, त्याचा मान राखायचा.

नियम कागदावर असतो आणि माणूस मोडू शकतो, हे खरं. कोणी तांदळाच्या पिशवीबरोबर प्रार्थनेची अट घालत असेल, तर ते चूकच. पण मग तोच नियम सगळ्यांना लावा. पिशवीवर फोटो छापणारा पक्ष, आपल्याच जातीच्या वाडीत आधी टेम्पो नेणारं मंडळ, रांगेत घोषणा द्यायला लावणारी संघटना, सगळ्यांनाच लावा. माझ्या मते मदतीची परीक्षा एका प्रश्नाने होते: जो तुमचा नाही, जो उद्या तुम्हाला मत देणार नाही, तुमच्या देवळात किंवा चर्चमध्ये येणार नाही, त्याला मिळाली का? केरळच्या होड्या या परीक्षेत पास झाल्या.

पाणी ओसरल्यावर

वाचवणं तीन-चार दिवसांचं काम. खरं लांबलचक काम त्यानंतरचं, आणि तिथे कॅमेरा नसतो. घरात गुडघाभर चिखल. विहिरीत मेलेली जनावरं, संडासाचं पाणी. लेप्टोची साथ आली, लोकांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटाव्या लागल्या. कुट्टनाड तर समुद्रसपाटीच्या खाली आहे, तिथलं पाणी आठवडेच्या आठवडे हलेना.

या काळात चर्चच्या शाळा आणि हॉल शिबिरं झाले. कारितास इंडिया ही १९६२ पासूनची संस्था, आणि तिच्याशी जोडलेल्या धर्मप्रांतांच्या समाजसेवा संस्था गावात आधीपासून होत्या. बाहेरून आलेली मदत पुरात सगळ्यात सोप्या जागी उतरते. हायवेजवळच्या शिबिरात बिस्किटांचा ढीग आणि आतल्या वाडीत काहीच नाही, हे आपणही पाहिलं आहे. जो गावात आधीपासून आहे त्याला आतली वाडी माहीत असते. आणि तो आठव्या दिवशी गाडीत बसून जात नाही, कारण त्याला तिथेच राहायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की, पुरातल्या मदतीचा कस धान्याच्या पोत्यांवर लागत नाही. पुराच्या आधी तुम्ही तिथे होतात का आणि पुरानंतर राहणार आहात का, यावर लागतो. चर्चला ते जमलं कारण ते तिथे होतं. आपल्याकडे हे काम कोण करू शकतं? प्रत्येक बंदरात आहे अशी जागा कोणती, जिथे सगळ्या धर्मांचे, सगळ्या वाड्यांचे लोक रोज येतात, डिझेल भरतात, बर्फ घेतात, हिशेब करतात, भांडतात? आपली सोसायटी. दुसरं नाव मला सुचत नाही.

टाळ्या वाजल्या, पुढे काय?

केरळच्या मुख्यमंत्र्यांनी मच्छीमारांना राज्याचं सैन्य म्हटलं. प्रत्येक होडीला दिवसाला ३,००० रुपये, वर इंधन, आणि फुटलेल्या होड्या दुरुस्त करून देऊ, असं जाहीर केलं. फोर्ट कोचीच्या एका तरुण मच्छीमाराने व्हिडिओ टाकून सांगितलं की पैसे नकोत, भावंडांना वाचवायचे पैसे घेत नाहीत; होड्या तेवढ्या दुरुस्त करून द्या. शशी थरूर यांनी या मच्छीमारांचं नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवलं. एरवी मासळीच्या वासाने नाक धरणाऱ्यांनीही हार घातले.

छान वाटतं. पण त्याच तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर, वलियतुरा भागात, समुद्राने घरं गिळलेली मच्छीमार कुटुंबं वर्षानुवर्षं सिमेंटच्या गोदामात राहत होती. पडदा लावून खोल्या केलेल्या. २०२२ मध्ये लॅटिन आर्चडायोसिसने विझिंजम बंदराविरुद्ध मोठं आंदोलन केलं, त्यात या कुटुंबांच्या घरांची मागणी पुढे होती. तेव्हा त्या लोकांवर विकासाचे विरोधक म्हणून शिक्का बसला. चार वर्षांपूर्वी सैन्य होते!

त्या बंदराबद्दल कोणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कौतुक हे कर्ज नव्हे, ते कोणी फेडत नाही. म्हणून मच्छीमाराने मदतीला जायचं ते मनापासून, आणि होडीचा हिशेब ठेवायचा तो लेखी. पैसे नाकारणारा मोठ्या मनाचा, यात शंका नाही. पण हप्त्यावर इंजिन घेतलेला जो पोरगा होडी घेऊन जाईल, त्याला पैसे नाकारणं परवडत नसेल तर तोही तितकाच मोठ्या मनाचा. त्याच्या डिझेलची आणि फायबरच्या दुरुस्तीची सोय आधीच झालेली असावी. गरिबाच्या त्यागावर आपण आपत्ती व्यवस्थापन चालवू नये.

आपल्या संस्थेने करायच्या गोष्टी

एक: यादी. कोणत्या होड्या ट्रकवर चढतात, त्यांची लांबी किती, इंजिन किती हॉर्सपॉवरचं, मालक कोण, तांडेल कोण, फोन कोणता. ट्रॉलर पुरात कामाचा नाही. फायबरच्या छोट्या होड्या आणि आउटबोर्ड कामाचे. ही यादी दर वर्षी बंदी सुरू झाली की ताजी करायची आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात पोचपावती घेऊन द्यायची.

दोन: माणसं. नुसती होडी पाठवून चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली होती. जीव वाचवायला निघालेले बुडाले. होडीत किती माणसं घ्यायची ते तांडेलच ठरवणार, आणि त्याने “आता बस” म्हटलं की बस, मागे सरपंच उभा असो की आमदार. प्रत्येक होडीत लाइफ जॅकेट, दोर, टॉर्च, आणि तारेखालून जाण्याआधी वीज बंद आहे ना, हे विचारणारा एक माणूस.

तीन: ट्रक. बर्फ आणि मासळी वाहणारे आपलेच गाडीवाले आहेत. कोण रात्री दोनला फोन उचलेल आणि कोणाच्या गाडीवर किती फुटांची होडी बसते, ते आधी बघून घ्यायचं. क्रेन कुठे आहे, टायर आणि दोरखंड कुठे आहेत, तेही.

चार: कागद. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये कलम ६५ आहे, त्याखाली जिल्हा प्राधिकरण वाहनं आणि साधनं मागवू शकतं, आणि कलम ६६ मध्ये त्याच्या मोबदल्याची तरतूद आहे. म्हणून होडी निघण्याआधी मागणीचं पत्र किंवा निदान अधिकाऱ्याचा लेखी मेसेज घ्यायचा. होडीचा चारही बाजूंनी फोटो काढून ठेवायचा. विमा कंपनीला आजच पत्र लिहून विचारायचं की ट्रकवर आणि पुराच्या पाण्यात विमा चालतो का, आणि उत्तर लेखीच मागायचं. मच्छीमारांच्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यूला पाच लाखांची तरतूद आहे; ज्यांची नावं अजून त्यात नाहीत त्यांनी आधी नाव घालून घ्यावं.

पाच: निधी. सभासदामागे महिन्याला चहाच्या एका कपाएवढे पैसे वेगळे काढले तरी पहिल्या दिवसाचं डिझेल आणि दोन होड्यांची दुरुस्ती निघू शकते. सरकारचे पैसे येतील तेव्हा येतील, पण होडी दुसऱ्या आठवड्यात परत समुद्रात जायला हवी. हा निधी वेगळ्या खात्यात, आणि हिशेब सभेत वाचून दाखवायचा.

सहा: सोबत. चर्च, देऊळ, मशीद, कारितास, रेड क्रॉस, युवक मंडळ, कोणीही असो. ज्याच्याकडे हॉल आहे त्याचा हॉल, ज्याच्याकडे भांडी आहेत त्याची भांडी, आपल्याकडे होड्या. फादरशी, देवस्थानच्या अध्यक्षांशी, मशिदीच्या कमिटीशी आधी बसून बोलायचं. आणि एक अट सगळ्यांसाठी सारखी: मदत घेणाऱ्याचा फोटो नाही, प्रार्थनेची सक्ती नाही, घोषणेची सक्ती नाही.

काही जण म्हणतील, आपलंच घर गळतंय, डिझेलचा परतावा वेळेवर मिळत नाही, मासळी कमी होत चालली, आणि तुम्ही लोकांच्या पुराचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. पण वादळ आणि पूर आपल्याकडे बघून येत नाहीत. आज आपण डोंगराकडच्या गावात जाऊ, उद्या आपल्याच वाड्यात खाडी शिरेल. देवगडने केरळच्या होड्या घेतल्या तेव्हा त्यांना परतफेड नको होती. पण पुढच्या वर्षी त्याच किनाऱ्यावरचे लोक कुणा तिसऱ्याच्या गच्चीखाली होडी लावून उभे होते. असंच फिरत राहतं ते.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय अजेंड्यावर घ्यावा, अशी माझी विनंती आहे. ठराव लांबलचक नको. यादी कोण करणार, निधीचं खातं कोण उघडणार आणि कलेक्टर ऑफिसला पत्र कोण नेऊन देणार, एवढी तीन नावं ठरली तरी पुरे. ज्यांची फायबरची होडी आहे आणि जे तयार आहेत, त्यांनी सभेपर्यंत न थांबता संस्थेच्या ऑफिसात नाव आणि फोन लिहून द्यावा. आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनीही सभेला यावं, तिथे बोलावं. भांडून ठरलेलं जास्त टिकतं, हा आपल्या सोसायटीचा अनुभव आहे.